निळ्या कोटांचं कापड

काजमास्तरांना माणसांची भीती वाटायची. कापडाची कधी वाटली नव्हती.

पंधराव्या वर्षी ते कोटांच्या एका दुकानात कामाला लागले. मालकांनी विचारलं, "गिऱ्हाइकाशी बोलायला जमेल का रे?" यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची हे मालकांना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून त्यांनी यांना मागच्या खोलीत काजं करायला बसवलं. कापडात बटणापुरती चीर द्यायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने तिच्या कडेने दाट टाके घालायचे. त्या खोलीत ते चौतीस वर्षं बसले. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं, "मुलगा काहीच बोलत का नाही?" तेव्हा मालक म्हणाले होते, "त्याने केलेलं काज आणून दाखवतो. मग तुम्हीच बोलायचं थांबाल."

पुढे तयार कोट आले आणि दुकान बंद पडलं. मास्तर घरी खिडकीपाशी मशीन मांडून लोकांच्या पँटी आखूड करत, चेन बदलून देत बसले. नाव मात्र काजमास्तरच राहिलं.

साठी उलटल्यावर त्यांच्या आयुष्यात नव्हतंबाई आल्या.

बंदराच्या तोंडाशी एक जुनी तोफ आहे आणि तिच्या मागे छोटंसं संग्रहालय. वर्षातून एका रविवारी गावातले हौशी लोक पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या तोफखान्याचे कपडे घालून ती तोफ उडवून दाखवतात. तोफेत गोळा नसतो, पण दारू खरी असते. संग्रहालयाच्या बाई या लोकांचे कपडे तपासायच्या. कोणी मनगटावर घड्याळ ठेवलं, कोणाच्या विजारीला पट्ट्याची घरं दिसली, कोणी चेनची विजार घालून आला, की चष्म्यावरून बघून त्या एवढंच म्हणायच्या, "हे तेव्हा नव्हतं." म्हणून त्यांचं नाव नव्हतंबाई. तोफेचा सार्जंट, म्हणजे एरवी निवृत्त बस ड्रायव्हर, एकदा त्यांना म्हणाला, "बाई, पट्टा नाही तर विजार खाली येईल. तेव्हाच्या माणसांना पोट नव्हतं का?" बाई म्हणाल्या, "पोट होतं. विजार बेंबीच्या वर असायची आणि खांद्यावरून गॅलसने धरलेली. तुम्ही पोटाखाली घालता, ती तुमची चूक."

या बाई एक दिवस जुना कोट कागदात गुंडाळून मास्तरांकडे घेऊन आल्या. तो मूळचा त्या काळातला कोट होता. असाच शिवून मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी कोट मांडीवर उलटा केला, अस्तराच्या कडेतून बोट फिरवलं आणि तासभर त्यातच गढून गेले. कॉलरच्या आत कोणी तरी कच्चा टाका घालून तो काढायचा विसरला होता. इतक्या वर्षांपूर्वीच्या शिंप्याचा विसरलेला दोरा पाहून मास्तरांना वाटलं, हा माणूस पण मागच्याच खोलीत बसत असणार.

तेव्हापासून सहा वर्षं तोफेच्या लोकांचे कपडे मास्तरांनी शिवले. सदऱ्याच्या काखेत हात उचलता यावा म्हणून चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगळा, विजारीला पुढून बटणांची झडप, कोटाला उभी कॉलर आणि नऊ काजं, तीही हाताने. कापड निवडायचं तर बाई त्यांना बरोबर नेत. मास्तर ताग्याचा कोपरा अंगठा आणि बोटांमध्ये चुरडून सांगत, "सूत मिसळलंय," किंवा "लोकर, पण दुसऱ्यांदा कातलेली." बाई दुकानदारांना सांगत, "यांची बोटं म्हणजे प्रयोगशाळा आहे." मास्तर खाली बघत, पण ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत.

लोकर नुसती दिसायला खरी म्हणून लागत नव्हती. दोन वर्षांपूर्वी तोफ ठासताना आत राहिलेल्या ठिणगीने दारूचा भपकारा तोंडातून बाहेर आला आणि सार्जंटच्या बाहीवर पसरला. लोकर जागेवर काळी पडली, त्याने झटकली, संपलं. "तेव्हाचे लोक येडे नव्हते," असं तो पुढे वर्षभर सांगत सुटला. बाहीत कृत्रिम धागा असता तर तो वितळला असता, आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. झटकून जात नाही.

तोफेच्या तोंडाशी उभं राहून लांब दांड्याने दारू ठासायचं काम यंदा मास्तरांच्या जावयाकडे होतं. जावई गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. हसतमुख आणि बोलका, म्हणजे सासऱ्यांच्या बरोब्बर उलट. तरी दोघांचं जमायचं, कारण तो दोघांच्या वाटचं बोलायचा.

आता जे घडलं ते असं. गेल्या थंडीपासून मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. आधी करंगळीशेजारचं, मग मधलं, मग अंगठाही. सुई टोचली तरी कळायचं नाही. पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका दिसला की कळायचं. बायकोने विचारलं तर म्हणत, "डास मारला." त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टर आले असते, आणि डॉक्टर म्हणाले असते, आता सुई ठेवा.

जुन्या कोटांना कसर लागली म्हणून यंदा पाच नवे करायचे ठरले. बाई त्यांना एका गोदामात घेऊन गेल्या. गोदामवाल्याने गडद निळा तागा टेबलावर आपटला. "शंभर टक्के लोकर. गिरणी बंद पडली, हा शेवटचा." मास्तरांची जुनी रीत अशी, की शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून बघायचा. काडेपेटी खिशात होती. पण बाई शेजारी उभ्या होत्या आणि गोदामवाल्याला तेच सांगत होत्या, प्रयोगशाळेचं. मास्तरांनी कोपरा बोटांत घेतला आणि डोळे मिटले. जाड हातमोजा घालून चाचपावं तसं झालं. बोटांना काही म्हणजे काही कळेना. बाई वाट बघत होत्या.

"लोकर आहे," मास्तर म्हणाले.

सहा आठवड्यांत कोट झाले. इस्त्री करताना ओल्या फडक्यातून येणारा मेंढराचा वास यावेळी येत नव्हता, पण त्यांना सर्दी होती, आणि सर्दीचा त्यांना मोठा आधार वाटला. चार कोट देऊन झाले. पाचवा, म्हणजे सार्जंटचा, शनिवारी दुपारी टेबलावर होता. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. बाहीच्या टोकाला इस्त्री फिरवताना फडकं सरकलं आणि गरम पत्रा थेट कापडावर टेकला.

"काय जळतंय हो?" आतून बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही जळल्याला असा वास येतो होय?"

बाहीवर रुपयाएवढी चकचकीत जागा उमटली होती. वास लोकरीसारखा केस जळल्याचा नव्हता, प्लास्टिकची बादली शेगडीला टेकल्यावर येतो तसा होता. मास्तरांनी दार ओढून घेतलं. आतल्या शिलाईच्या कडेतून एक धागा उपसला, चिमट्यात धरला आणि काडी ओढली. लोकरीची काळी राख होते आणि ती चुरडली की भुगा होतो. हा धागा ज्योतीपासून अंग चोरून मागे सरकला, आकसला, आणि टोकाला एक काळा मणी लोंबला. त्यांनी तो अंगठा आणि बोटात धरून चुरडला. मणी चुरडेना. हात उघडून पाहिलं तर अंगठ्यावर पांढरा डाग पडला होता. भाजलं होतं, आणि त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

मण्याकडे बघावं की अंगठ्याकडे, हे त्यांना समजेना. ते स्टुलावर बसले. डोळ्यांसमोर तोफेचं तोंड होतं आणि तोंडाशी जावई, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, हनुवटीपर्यंत निळ्या कोटात.

कोट हातावर टाकून ते संग्रहालयात गेले. सगळ्या रस्त्याने एकच वाक्य मनात घोकत होते: बाई, कापडात खोट आहे. पुरते पाच शब्दसुद्धा नाहीत. दारातून आत जाताना ते घोटून अगदी गुळगुळीत झालं होतं.

बाईंनी कोट घेतला, टेबलावर पसरला, भिंग काढलं. कॉलर उलटली. काखेतली शिलाई ताणून पाहिली. काजं एकेक करून नऊही मोजली. मास्तर उभेच होते. चकचकीत जागा त्यांनी वाफ देऊन ब्रशने उठवली होती. ती तरी दिसेल, असं त्यांना वाटत होतं, आणि दिसू नये असंही. बाईंनी भिंग मिटलं.

"मास्तर, सहा वर्षांत मी हे तुम्हाला म्हटलेलं नाही. हे तेव्हा होतं. अस्संच होतं."

मास्तर टेबलापासून हलले नाहीत.

"काही सांगायचं होतं का?"

"बटणं," मास्तर म्हणाले.

"बटणांचं काय?"

"चांगली आहेत."

"चांगलीच आहेत," बाई म्हणाल्या आणि वहीत खूण केली.

घरी परत येताना त्यांनी स्वतःची समजूत घातली. भपकारा सहा वर्षांत एकदाच आला. उद्या नाही येणार. आणि कापडात थोडी तरी लोकर असेलच. किती असेल? अर्धी? अर्धा कोट जळला नाही तरी उरलेला अर्धा आहेच. या हिशेबापाशी येऊन ते प्रत्येक वेळी अडत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. रात्री झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको.

सकाळी पावणेदहाला बायकोने दुसरा चहा समोर ठेवला. कप इतका गरम होता की तिने पदराने धरून आणला होता. मास्तरांनी तो नुसत्या बोटांनी उचलला आणि तसाच धरून खिडकीबाहेर बघत राहिले.

"खाली ठेवा तो," बायको म्हणाली.

"का?"

"का म्हणे. संक्रांतीच्या थंडीपासून बघतेय तुम्ही उकळता कप असा धरता. डास मारला म्हणे. एवढे डास या घरात असते तर आपण दोघं उरलो नसतो."

मास्तरांनी कप ठेवला. आणि मग, चौतीस वर्षं मागच्या खोलीत बसलेला माणूस जसा सांगेल तसं, तुटक तुटक, आधी मणी, मग तागा, मग बोटं, असं उलट्या क्रमाने सगळं सांगून टाकलं. बायको ऐकत होती. मध्ये एकदा तिने घड्याळाकडे बघितलं.

"जावयाला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगत बसलात?"

"मला भीती वाटते गं."

"मला भीत भीतच सांगितलंत ना? त्यांनाही भीत भीत सांगा. भीती जायची वाट बघाल तर अकरा वाजतील." तिने त्यांच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या. "मी पण येते. चला."

साडेदहाला तोफेभोवती दोरी बांधली होती आणि दोरीबाहेर दीड-दोनशे माणसं जमली होती. मास्तरांची मुलगी पुढच्या रांगेत होती. तिने हात हलवला. त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं. आत सार्जंट नव्या कोटात फिरत होता आणि बसमधल्या सवयीने ओरडत होता, "मागे सरका, मागे सरका, मागे जागा आहे." मास्तर दोरीखालून वाकून आत गेले.

"अहो मास्तर, दोरीच्या आत फक्त पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे लोक," सार्जंट म्हणाला. "तुमची पँट चालू शतकातली आहे."

मास्तर त्याला वळसा घालून थेट जावयापाशी गेले. जावई दांडा पुसत होता.

"बाबा, बघा, कसा बसलाय. गॅरेजातले म्हणतात, साहेब दिसतोस."

"कोट काढा."

"आता? नऊ बटणं आहेत. घालायलाच दहा मिनिटं लागली मला."

"काढा," मास्तर म्हणाले. पुढचे शब्द येईनात. मग तोंडाने जमत नाही ते दाखवून तरी द्यावं म्हणून त्यांनी जावयाच्या कोटाच्या कडेतून एक धागा उपसला आणि खिशातून काडेपेटी काढली.

त्यांच्यापासून तीन पावलांवर दारूची पेटी होती.

सार्जंटने झेप घेऊन मास्तरांचं मनगट धरलं, इतकं घट्ट की काडेपेटी खाली पडली. मग ती उचलून स्वतःच्या मुठीत दाबून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मास्तर, आयुष्यात दोनदा ब्रेक निकामी झालेत माझे. तेव्हासुद्धा इतका घाबरलो नव्हतो."

सगळे संग्रहालयाच्या मागे गेले, भिंतीच्या आडोशाला. नव्हतंबाईही आल्या. तिथे सार्जंटने स्वतः काडी ओढली आणि मास्तरांनी बाईंच्या चिमट्यात धागा धरला. धागा आकसला, मणी लोंबला. बाईंनी भिंग काढून तो मणी पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला.

"हे तेव्हा नव्हतं," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "पण तुम्ही तर चाचपून सांगितलंत. माझ्यासमोर."

"बोटांना कळत नाही," मास्तर म्हणाले. "थंडीपासून. तेव्हाही कळलं नव्हतं. उगाच म्हणालो."

जावयाने कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली.

"जुने कोट?" सार्जंटने विचारलं.

"कसरीने खाल्ले. जाळून टाकले मी," बाई म्हणाल्या.

"मग नुसत्या सदऱ्यावर मी माझ्या माणसांना तोफेपुढे उभं करणार नाही. दारू परत कोठारात जाऊ दे."

बाई लोकांसमोर गेल्या आणि त्यांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, "कपड्यांच्या कापडात चूक सापडली आहे. त्यात आगीचा धोका आहे. म्हणून यंदा तोफ उडणार नाही. फक्त कवायत होईल." दोनशे माणसांतून एक लांबलचक नाराजीचा आवाज उठला. कोणी तरी ओरडून विचारलं, "शिंपी कोण आहे?"

मास्तर भिंतीमागे होते. त्यांनी पाठ विटांना चिकटवली. आता बाई नाव घेतील. आता सगळे भिंतीला वळसा घालून इकडे येतील. बायको शेजारी उभी होती. ती एक पाऊल पुढे सरकून वाटेच्या मधोमध उभी राहिली.

बाईंनी नाव घेतलं नाही. "कापड माझ्या समोर पास झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

मग कवायत झाली. नळी पुसली, नसलेली दारू भरली, जावयाने ती ठासली. सार्जंट गरजला आणि त्याने तोफेच्या चापाची दोरी ओढली. खट् असा आवाज झाला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणी तरी म्हातारा मोठ्याने "धडाम" म्हणाला. लोक हसले. दुसऱ्या फेरीला पन्नास जण "धडाम" म्हणाले. मास्तर प्रत्येक वेळी दचकले. तोफेत काही नाही हे माहीत असून दचकले.

गर्दी पांगल्यावर जावई मागे आला. अंगात सदरा आणि गॅलस, कोट हातावर. मास्तर उलट्या खोक्यावर बसले होते. तो शेजारी बसला. मास्तर वाट बघत राहिले, आता हा काय बोलेल त्याची. भपकारा आला असता तर काय झालं असतं, हे त्यालाही कळत होतं. गॅरेजात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजलेल्या खुणा त्याच्या हातावर होत्याच.

"काल कळलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"काल दुपारी."

"आणि आज साडेदहाला सांगितलंत."

"हो."

जावई थोडा वेळ गप्प बसला. तो गप्प बसलेला मास्तरांनी याआधी पाहिला नव्हता, आणि त्यांना सगळ्यात जास्त भीती त्याच क्षणी वाटली.

"हात द्या," तो म्हणाला.

त्याने मास्तरांचा उजवा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि ग्रीसने काळ्या झालेल्या नखाने एकेक बोटाचं टोक दाबायला लागला.

"हे कळतं?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"हे?"

"थोडं."

अंगठ्यावरच्या फोडापाशी तो थांबला. त्यावर दाबलं नाही. "उद्या दहाला डॉक्टर बसतात. मी गॅरेज उशिरा उघडतो."

"ते विचारतील, कधीपासून."

"विचारणारच."

"मग म्हणतील, इतके दिवस का नाही आलात."

"म्हणतील. मी बाहेर बसू, की आत येऊ?"

मास्तरांनी हात त्याच्या गुडघ्यावरच राहू दिला.

"आत या," ते म्हणाले.